तांब्यावर कोरलेली नजर

तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणाऱ्याला सगळं उलटं कोरावं लागतं. चित्रातल्या माणसाने उजवा हात उचलायचा असेल, तर पत्र्यावर तो डावा उचलतो. प्रकाश डावीकडच्या खिडकीतून यायचा असेल, तर कोरताना तो उजवीकडून आणावा लागतो. पोलादी कोरणीची मूठ तळहाताच्या खळग्यात बसवायची, टोक पत्र्यावर टेकवायचं आणि जोर लावून पुढे ढकलत न्यायचं. नांगराच्या फाळामागे तास पडत जावं तशी कोरणीमागे रेघ पडत जाते. वळणाची रेघ हवी असेल तेव्हा हात वळत नाही. पत्र्याखाली चामड्याची उशी असते, तिच्यावर पत्राच हळूहळू फिरवला जातो. मग शाई चोळायची, पत्रा पुसून लख्ख करायचा. शाई फक्त त्या तासांत उरली पाहिजे. वर ओलसर कागद, कागदावर जबर दाब. कागद तासांच्या तळापर्यंत उतरतो, तिथली शाई उचलतो, आणि सुटून वर येतो तेव्हा रेघ कागदावर किंचित उठून आलेली असते. डोळे मिटून बोट फिरवलं, तरी लागते.

पाहणं म्हणजे काय हे सांगायला निघालेली युरोपातली सोळाव्या-सतराव्या शतकांतली पुस्तकं मी पाहत बसते, तेव्हा माझं मन त्या उठून आलेल्या रेघेपाशी पुन्हा पुन्हा जातं. दूरदूरच्या ग्रंथालयांनी त्यांची पानं आता पडद्यावर आणून ठेवली आहेत. रात्री घर निजलं की मी ती उघडते आणि चित्र मोठं करत जाते, इतकं मोठं की माणसाचा चेहरा चेहरा राहत नाही, गालाची गोलाई विरघळते, सावली सुटी होते, नुसता तिरक्या रेघांचा पाऊस उरतो. आणि त्या पावसापलीकडे, तीन-चार शतकं मागे, कोरणीवर रेललेला एक तळहात जाणवायला लागतो. विषय डोळ्याचा.

काम सगळं हाताचं.

यांतलं माझं सगळ्यांत लाडकं पुस्तक १६१३ सालचं आहे. ब्रुसेल्समध्ये जन्मलेल्या फ्रान्स्वा द अगिलॉन या जेसुइट पाद्र्याने लॅटिनमध्ये लिहिलेला, प्रकाश आणि दृष्टी यांवरचा सहा खंडांचा एक जाडजूड ग्रंथ. तो छापला अँटवर्पच्या प्लँटिन छापखान्याने. छापखाना तेव्हा मोरेतुस भावांच्या हाती होता, आणि त्यांतल्या बाल्थाझारचा शाळासोबती होता पीटर पॉल रुबेन्स. रुबेन्स १६०८ मध्ये इटलीहून परतला होता आणि अगिलॉनचा ग्रंथ छापून होत होता त्या सुमाराला तो अँटवर्पच्या कॅथीड्रलसाठी ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचं प्रचंड चित्र रंगवत होता. त्या चित्रात एक निष्प्राण देह आणि त्याला सावरायला पुढे आलेले किती तरी हात आहेत. वरच्या एका माणसाला तर हात पुरत नाहीत, म्हणून त्याने कफनाचा पदर दातांत धरलाय. तोच चित्रकार त्याच दिवसांत जेसुइट पाद्र्याच्या ग्रंथासाठी एक मुखपृष्ठ आणि प्रत्येक खंडाच्या माथ्यावर एक अशी सहा लहान चित्रं काढून देत होता. मोरेतुसच्या पुढच्या काळातल्या एका पत्रावरून कळतं की छापखान्यासाठीची असली चित्रं रुबेन्स सणासुदीच्या, सुट्टीच्या दिवशी काढायचा. कामाच्या दिवसाची त्याची किंमत पुस्तकाला झेपणारी नव्हती. पत्रे कोरले थिओडोर गालेने.

सुट्टीच्या दिवसाचं ऊन त्या सहा चित्रांत आहे, असं मला वाटतं. कुणी घाईत नाही.

खिळ्यांची अक्षरं उठावाची आणि तांब्यावरची रेघ खोलातली, म्हणून दोघांना एका यंत्रात छापता येत नाही. ज्या पानावर चित्रही आहे आणि मजकूरही, तो ताव दोन यंत्रांखालून जातो. एकदा शब्दांच्या दाबाखालून, एकदा चित्राच्या. दोन्ही वेळा नेमका जागेवर बसला पाहिजे, नाही तर चित्र ओळीवर चढतं. मी ते पान पाहते तेव्हा माथ्यावरचं चित्र आणि खालचा लॅटिन मजकूर यांच्यामधली ती बोटभर कोरी पट्टी मला फार बोलकी वाटते. वर सांगणारा वेगळा, खाली सांगणारा वेगळा. पाद्री खाली शिस्तीत प्रमेयं मांडतोय, आणि त्याच्या डोक्यावर गुटगुटीत, उघडीनागडी बाळं धुडगूस घालताहेत.

पहिल्याच चित्रात त्या बाळांनी सायक्लॉप्सचा डोळा काढलाय. ग्रीक कथेतला तो कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेला राक्षस. त्याचं भलंमोठं डोकं जमिनीवर पडलंय, आणि दाढीवाला एक वृद्ध पंडित बाळांच्या मदतीने त्या एकुलत्या डोळ्याची चिरफाड पाहतोय. ऐकायला भयंकर, पण चित्र भयंकर नाही. त्यात रक्ताची ओढ नाही, कुतूहलाची आहे. आत काय आहे ते पाहू, अशी. गंभीर लॅटिन ग्रंथाला ही बाळं कशाला हवी होती, याचं सरळ उत्तर असं की त्या काळच्या चित्रकलेत ती सगळीकडेच असतात, थडग्यांवर, छतांवर, नकाशांच्या कोपऱ्यांत. मला ते उत्तर पुरत नाही. तीन-चार महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं की त्याला समोरचा खुळखुळा दिसतो आणि तरीही तो सापडत नाही. हात जातो, अंतर चुकतो, हवेत मूठ मिटते, पुन्हा जातो. मग एका दुपारी बोटं नेमकी खुळखुळ्यावर पडतात आणि त्या बाळाच्या तोंडावर जे काही उमटतं त्याला मी आजवर नाव देऊ शकले नाही. पाहणं जन्मासोबत मिळतं, पण जग कुठे आहे हे हाताने शोधावं लागतं. रुबेन्सला हे ठाऊक होतं. त्याच्या घरात तेव्हा लहान मुलगी होती.

तिसऱ्या खंडाचं चित्र तर मी किती वेळा उघडलं असेल. पंडित उभा आहे, एक डोळा मिटलाय, आणि एका हाताचं बोट पुढे करून तो समोरच्या बाळाने धरलेल्या काठीला स्पर्श करू पाहतोय. एवढंच. एका डोळ्याने अंतर कळतं का, हे अजमावणारा प्रयोग. दोन डोळ्यांनी जग खोल होतं आणि एक मिटला की ती खोली पातळ होते, हे अगिलॉन खाली समजावून सांगतोच. पण चित्रात समजावणं नाही. त्यात फक्त ते बोट आहे, काठीच्या अलीकडे की पलीकडे ते न कळणारं, वाऱ्यात थांबलेलं. एवढा ज्ञानी माणूस, दाढी पिकलेली, अंगावर भारदस्त वस्त्रांच्या घड्या, आणि एका पोराने धरलेल्या काठीपुढे तो पुन्हा मांडीवरच्या बाळाइतका नवखा झालाय. आणि ते पोर? ते किती शहाण्यासारखं काठी धरून उभं आहे.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि उरलेला डोळा चांगला होता. सगळं दिसतंय मला, ते म्हणत. पण तांब्यातून भांड्यात पाणी ओतायला गेले आणि धार भांड्याच्या शेजारी पडली, टेबलावर पसरली, कडेवरून ठिबकायला लागली. त्यांनी तांब्या खाली ठेवला. काही बोलले नाहीत. मी फडकं घेऊन उठणार, तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताची तर्जनी भांड्याच्या काठाला लावली, तांब्याची कड त्या बोटाला टेकवली, आणि मग ओतलं. पाणी सरळ आत गेलं. सकाळचं ऊन होतं. पाण्याची ती बारीक, न थरथरणारी दोरी, तिच्यात अडकलेला उजेड आणि काठावरचं ते ओलं, वृद्ध, विश्वासू बोट. डोळ्याने बोटाला विचारलं आणि बोटाने सांगितलं. पुढचे दिवस ते तसंच पाणी ओतत राहिले, पट्टी निघाल्यावरही थोडे दिवस.

त्या ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसले असताना मला बार्टिश आठवत होता. गेऑर्ग बार्टिश, ड्रेस्डेनचा; विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, नाभिक-वैद्यांच्या परंपरेत हात घडलेला माणूस. त्याने १५८३ साली डोळ्यांच्या विकारांवरचा मोठा ग्रंथ काढला, लॅटिन सोडून आपल्या जर्मनमध्ये. चित्रं आधी त्याने स्वतः जलरंगात काढली, मग लाकडी ठशांवर उतरवून घेतली. त्यात डोळ्याचं एक चित्र आहे, कागदाच्या एकावर एक चिकटवलेल्या पापुद्र्यांचं. वरचा पापुद्रा उचलला की खालचा दिसतो, तो उचलला की त्याखालचा. असं उलगडत आत जायचं. डोळ्याची रचना वाचायची नव्हे, बोटांनी सोलत जायची. ज्याने सुईने मोतीबिंदू खाली ढकलून माणसांना पुन्हा उजेड दाखवला, त्याला डोळा असाच ठाऊक असणार, थराथराने, बोटांच्या टोकांना. आणखी एका चित्रात तेच काम चाललंय. रुग्ण बसलाय, समोर शल्यवैद्य, मागून एक जण रुग्णाचं डोकं घट्ट धरून उभा. बार्टिश चेटकावर विश्वास ठेवायचा, चष्म्याला त्याचा विरोध होता. डोळ्यापुढे आणखी काही आणून ठेवल्याने डोळा सुधारेल, हे त्याला पटायचं नाही. पण मागून डोकं धरणारे ते दोन हात त्याच्या चित्रातून सुटले नाहीत. वेदनेच्या जागी कुणीतरी धरून ठेवणारं असावं लागतं, हे त्याने पाहिलं होतं.

आपल्या मराठी माणसाच्या पदरीही अशी डोळ्यांची चित्रं आहेत, आणि ती तंजावरला आहेत. सरफोजीराजे भोसले, दुसरे, १७९८ ते १८३२ या काळातले. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांचे रोगी येत, त्यांच्यावर उपचार होत, आणि त्या उपचारांच्या कागदांवर रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून ठेवलेली आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयाने ती जपली आहेत. युरोपी ग्रंथांतला डोळा बहुधा कुणाचाच नसतो, तो आदर्श डोळा असतो, वर्तुळात वर्तुळ. तंजावरच्या चित्रांतला डोळा कुणाचा तरी असतो. तो लाल झालेला असतो, त्यावर पांढरा पडदा चढलेला असतो, त्याभोवतीची कातडी सावळी असते. दरबारी चितारी ज्या कुंचल्याने देवांच्या आणि राजांच्या डोळ्यांत काजळ घालत असेल, तोच कुंचला एखाद्या गरीब माणसाच्या बुबुळावरच्या सायीवर किती मन लावून थांबला असेल. त्याने ती साय पाहिली, कुठे दाट, कुठे विरळ, ते पाहिलं, तेवढा पांढरा कालवला आणि लावला.

उलट्या चित्राची खरी गोष्ट मात्र केप्लरची आहे. प्रागमध्ये राहणाऱ्या योहान्स केप्लरने १६०४ मध्ये, म्हणजे अगिलॉनच्या ग्रंथाच्या नऊ वर्षं आधी, छापून सांगितलं होतं की डोळ्यातलं भिंग म्हणजे पाहण्याचं ठाणं नव्हे; भिंग फक्त किरण वळवतं, आणि बाहेरचं जग चित्र होऊन मागच्या दृष्टिपटलावर उतरतं. उतरतं ते उलटं. आकाश खाली, जमीन वर, डावं उजवीकडे. अगिलॉन अजून जुन्या समजुतीतच होता, भिंगालाच पाहणारा मानणारा. त्याच्या ग्रंथातलं ते प्रकरण केव्हाच मागे पडलं, आणि रुबेन्सची बाळं तेवढी ताजी राहिली. केप्लरला लहानपणी देवीचा आजार झाला होता आणि त्यातून त्याची नजर कायमची अधू झाली. रात्रीचं आकाश ज्याला धड स्वच्छ दिसत नव्हतं त्याने ग्रहांच्या वाटा शोधल्या, आणि ज्याच्या डोळ्यांनी त्याला जन्मभर दगा दिला त्यानेच डोळ्याचं गुपित उकललं. त्याच्या त्या ग्रंथात डोळ्याच्या आकृत्यांचं एक पान आहे, बाझेलचा वैद्य फेलिक्स प्लाटर याच्या पुस्तकातून घेतलेलं; सोललेले, कापलेले, उघडलेले डोळे ओळीने मांडलेले. मी ते पान पाहते आणि मला पत्र्यावर उलटं कोरणारा तो कारागीर दिसतो. त्याचं उलटं कागद सुलटं करून देतो. डोळ्यातलं उलटं कोण सुलटं करतं? ते चित्र आत, अंधारात, आत्म्यापर्यंत कसं पोचतं, हा वाद केप्लरने निसर्गाच्या तत्त्वचिंतकांवर सोपवला.

तिथे त्याने लेखणी खाली ठेवली.

त्याच्याही सहाशे वर्षं आधी, बसऱ्यात जन्मून कैरोत आयुष्य काढलेल्या इब्न अल-हैथमने दृष्टीवर जो ग्रंथ लिहिला, त्याची १०८३ सालची एक हस्तलिखित प्रत इस्तंबूलमध्ये आहे. ती उतरवून काढली त्याच्या जावयाने. सासऱ्याच्या माघारी, ओळ न ओळ नकलून. तिच्यात दोन डोळ्यांची आकृती आहे, आपल्याला ठाऊक असलेल्यांतली सगळ्यांत जुनी. दोन डोळे, दोघांतून निघालेल्या दोन पोकळ नसा, मध्ये एकमेकींना भेटणाऱ्या, आणि पुढे मेंदूकडे जाणाऱ्या. रेघा अगदी शांत आणि अरबी अक्षरं रचनेच्या पोटात बसवलेली. माणूस कुठेच नाही. पण खाली, दोन डोळ्यांच्या मध्ये, त्याने नाक काढलंय. केवळ भूमितीला त्या नाकाची गरज नव्हती. तरीही ते तिथे आहे आणि त्यामुळे ती आकृती हळूच चेहरा होऊन बसते. आपण तिला पाहतोय असं वाटत असताना तीच आपल्याकडे पाहायला लागते. हाच ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये फिरला आणि १५७२ मध्ये बाझेलला छापला गेला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर जत्राच भरली: आरशांनी उन्हाची धार वळवून शत्रूची जहाजं पेटवली जाताहेत, वर इंद्रधनुष्य आहे, हत्ती आहेत, आणि पाण्यात उभ्या माणसांचे पाय पाण्याखाली मोडल्यासारखे दिसताहेत. प्रकाशाचे जेवढे म्हणून चमत्कार, तेवढे एका पानात. मला त्या पानाचा लोभ आहे, पण जावयाच्या हातची ती दोन डोळ्यांची आकृती मला जास्त जवळची. तिच्यात कुणाचा तरी आवाज विझू नये म्हणून बसलेली एक पाठ दिसते.

रने देकार्तचा दृष्टीवरचा निबंध १६३७ मध्ये लायडनला छापला गेला. त्याच्या आकृत्या काढल्या फ्रान्स व्हॅन स्कोटेन या तरुण गणितज्ञाने. देकार्त सांगतो की नुकत्याच मेलेल्या माणसाचा डोळा घ्यावा, तो नाही मिळाला तर बैलाचा; मागची आवरणं हलक्या हाताने कापून टाकावी, आतला द्रव न सांडता; तिथे पातळ पांढरं काहीतरी लावावं, कागद किंवा अंड्याचं कवच; आणि तो डोळा अंधाऱ्या खोलीच्या खिडकीत, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसवावा. मग त्या कवचावर बाहेरचं सगळं जग उमटतं. चित्रात वर तो कापलेला डोळा, केवढा तरी मोठा, अंगभर अक्षरं आणि किरणांच्या रेघा घेऊन. खाली रेघांच्या दाट जाळीत, अंधारात, एक दाढीवाला माणूस मान वर करून त्याच्याकडे पाहतोय. देकार्त पुढे असंही सांगतो की हातातला डोळा किंचित जास्त दाबला गेला तर चित्र पुसट होतं, नीट धरला तर स्पष्ट. म्हणजे मेलेल्या बैलाची नजर जिवंत माणसाच्या बोटांच्या दाबावर अवलंबून.

मी या चित्रापाशी नेहमी गप्प होते. तो बैल कुठल्या रानात चरला असेल, त्या डोळ्यात गवताचं कोणतं हिरवं उतरलं असेल, पहाटेचं धुकं, पिलाची ओली पाठ, मालकाच्या हातातला कासरा. आता त्याच डोळ्यात लायडनकडची एखादी गल्ली उलटी टांगलेली आहे आणि ती पाहणारा दुसराच कुणीतरी आहे. डोळा पाहत नाही, डोळ्यामागे कुणीतरी पाहतं; पण इथे डोळ्यामागे उभा राहून पाहणारा तो माणूस ते चित्र शेवटी स्वतःच्या डोळ्यांनीच पाहतोय, आणि त्याच्या डोळ्यांमागे कोण आहे? कोरणाऱ्याने तिथे गडद, आणखी गडद रेघा भरल्या आहेत.

त्याच निबंधात एक आंधळाही आहे. दोन हातांत दोन काठ्या, टोकं पुढे एकमेकींजवळ येणारी. जन्मापासून आंधळ्या माणसांबद्दल देकार्त लिहितो की ते जणू हातांनी पाहतात, काठी हे त्यांचं सहावं इंद्रिय. त्या दोन काठ्यांमधल्या कोनावरून त्याला समोरची वस्तू किती दूर आहे ते कळतं, आणि दोन डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही अंतर तसंच कळतं, असा त्याचा मुद्दा. दृष्टीच्या पुस्तकात दृष्टी समजावायला आंधळ्याला बोलावणं! मला यात युक्तीपेक्षा मोठं काही वाटतं. तो आंधळा त्या पानांवर कुणाची कीव मागत नाही. तो पुस्तकातला गुरू आहे. त्याच्या काठ्यांची टोकं जमिनीवर टेकतात तिथे किरण वस्तूवर टेकतात, आणि बाबांचं बोट भांड्याच्या काठावर टेकतं.

लंडनमध्ये १६६५ मध्ये रॉबर्ट हूकचा सूक्ष्मदर्शकाखालच्या जगाचा ग्रंथ निघाला, तेव्हा डोळ्याचं आणखी एक नवल कागदावर आलं. हूक मुळात चित्रकारच व्हायचा; पोरवयात तो काही दिवस पीटर लेली या चित्रकाराकडे उमेदवारी करायला होता, पण रंगांच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. चित्रं तो काढत राहिला मात्र. मुंगी स्थिर बसेना म्हणून त्याने तिला ब्रँडीत बुडवून गुंगवलं आणि मग तिचं चित्र काढलं. पण मी सांगतेय ते एका करड्या माशीच्या डोक्याचं. सगळं पान व्यापून बसलेले दोन प्रचंड डोळे, आणि डोळ्यांवर बारीक बारीक मण्यांच्या रांगा. हूकच्या अंदाजाने ते मणी चौदा हजार. तो लिहितो की त्यांतल्या प्रत्येक मण्यात त्याला आपल्या खिडकीपुढचा देखावा दिसला, त्यात एक मोठं झाड, त्याचं खोड आणि शेंडा ओळखू येण्याइतकं स्पष्ट. आणि खिडकीशी स्वतःचा हात हलवला तर तोही. चौदा हजार झाडं. चौदा हजार हात, एकाच वेळी हललेले. सॅम्युएल पेपिस हे पुस्तक हाती पडल्यावर रात्री दोनपर्यंत वाचत बसला होता, असं त्याने रोजनिशीत नोंदवलंय. मेणबत्तीच्या उजेडात माशीचे डोळे उलगडून बसलेल्या त्या माणसाची रात्र मला माझ्या रात्रींपासून फार दूरची वाटत नाही.

कागदावरच्या त्या मण्यांत झाड नाही. कोरणीला तेवढं बारीक जमणारच नव्हतं. ते हूकच्या शब्दांतच राहिलं.

याच दशकात केंब्रिजचा तरुण आयझॅक न्यूटन आपल्या वहीत एक वेगळीच आकृती काढत होता. त्याने बोथट टोकाची एक जाड सुई घेतली, ती आपल्या डोळ्याचा गोळा आणि हाड यांच्यामधून जमेल तितकी मागे सरकवली आणि दाबली. गोल दिसले, पांढरे, काळे, रंगीत. सुई हलत राहिली की ठळक, थांबली की पुसट. बाहेरून काहीही आलं नव्हतं, फक्त दाब आला होता, आणि दाबातून रंग फुटले होते. आकृतीत त्याचा डोळा आहे आणि डोळ्यामागे शिरलेली ती सुई. पाहताना माझ्या पापण्या आपोआप मिटतात. पुढे १७०४ मध्ये त्याचा प्रकाशावरचा ग्रंथ छापला गेला, तेव्हा त्याच्या आकृत्यांत एकही माणूस उरला नव्हता. लोलक, छिद्रं, सरळ रेघा, रेघांच्या टोकांना अक्षरं. त्या आकृत्या देखण्या आहेत. त्यांच्या नेमकेपणाला, त्यांतल्या स्वच्छ मोकळ्या जागेला एक उंच, थंड सौंदर्य आहे, आणि शास्त्र त्याच वाटेने पुढे गेलं हे बरंच झालं. तरी ती पानं उलटताना मला गर्दीच्या वाड्यातून एकदम रिकाम्या दालनात आल्यासारखं होतं. दाढीवाला पंडित गेला. आंधळा गेला. बाळं गेली. प्रकाश उरला आणि तो कुणावरच पडत नव्हता.

म्हणून मी पुन्हा अगिलॉनकडे वळते. पाचव्या खंडाच्या माथ्यावर दोन दिव्यांचा उजेड तोलून पाहायचं काम चाललंय. एकीकडे एक ज्योत, दुसरीकडे जास्त, आणि पडद्यावरच्या उजेडाची बरोबरी कुठे होते ते शोधणं. प्रकाश मोजू पाहणारं एवढं जुनं चित्र दुसरं माझ्या पाहण्यात नाही. सहाव्याच्या माथ्यावर अ‍ॅटलासने खांद्यावर आकाशाचा गोल पेललाय. मशालीच्या उजेडात त्या कड्याकड्यांच्या गोलाची सावली जमिनीवर सपाट पसरली आहे, आणि आख्खं आकाश बाळांच्या पायांशी आलंय. गोल वस्तू सपाट कागदावर कशी उतरवायची, हा त्या खंडाचा विषय. नकाशे काढणाऱ्यांचा, चित्रकारांचा, कोरणाऱ्यांचा रोजचाच.

अगिलॉनला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. थेट येणाऱ्या प्रकाशानंतर त्याला आरशांवरून परतणाऱ्या आणि भिंगांतून वळणाऱ्या प्रकाशावर लिहायचं होतं, आणि तो त्या कामाला लागलाही होता. १६१७ मध्ये तो गेला. त्याच्याच आराखड्याने अँटवर्पमध्ये जेसुइटांचं चर्च उभं राहत होतं. त्याच्या छतासाठी रुबेन्सने पुढे एकोणचाळीस चित्रं केली, आणि १७१८ मध्ये वीज पडून लागलेल्या आगीत ती सगळी जळाली. आरशांचं आणि भिंगांचं पुस्तक निघालंच नाही, त्यामुळे त्याच्या माथ्यावरची चित्रंही कधी काढली गेली नाहीत. ती कशी असती, याचा विचार करत मी बराच वेळ घालवते. पंडिताच्या हातात बहिर्गोल भिंग असतं, त्याने वाळकं गवत पेटवलं असतं, बाळं दचकून मागे सरली असती. पाण्याच्या परातीत टाकलेलं नाणं काढायला एकाने हात घातला असता आणि ते दिसतं तिथे सापडलं नसतं. आणि आरशांच्या खंडासाठी रुबेन्सने, माझी खात्री आहे, आरशात पाहणारं बाळ काढलंच नसतं. त्याने ते आरशामागे जाऊन, आतलं दुसरं बाळ कुठे लपलंय ते हाताने चाचपताना काढलं असतं.